पहिल्या पाळीचा सरदार

पहाटे 5.10

चंद्रपूरचा मे महिना. रात्र सरली तरी भिंतीला हात लावला की चटका बसतो. कॉलनीच्या नळाला पाणी याच वेळी येतं. सरदार बनियनवर उभे राहून ड्रम भरतायत. वय 59. केस पांढरे, मिशी मात्र कलप लावून काळी ठेवलेली. घरात त्यांना कुणी सरदार म्हणत नाही. खाणीत गेली वीस वर्षं दुसऱ्या नावाने कुणी हाक मारलेली नाही.

मायनिंग सरदार हे कोळसा खाणीतलं कायद्याने ठरवलेलं पद आहे. आपल्या वाट्याच्या भागातलं छत, हवा, गॅस आणि माणसं ही त्याची जबाबदारी. खाणीत मशीन असो, मजूर असोत, वीज असो. सर्टिफिकेटवाला माणूस हजर नसेल तर त्या भागात काम लावता येत नाही.

डब्यात चार पोळ्या, वांग्याची भाजी, भात, कांदा. दोन लिटरची पाण्याची बाटली वेगळी. खाली पाणी मिळतं, पण सरदारांना घरचंच लागतं.

सकाळी 6.20

मोटरसायकल निघाली. खाण अकरा किलोमीटरवर. पूर्वी क्वार्टरवरून चालत जायची खाण होती. तिच्यातला कोळसा संपला, खाण बंद झाली, माणसं इकडे पाठवली. क्वार्टर तिथंच राहिलं. आठवड्याला सव्वातीनशेचं पेट्रोल जातं. रस्ता कोळशाच्या ट्रकांनी खाल्लेला. डाव्या हाताला उघड्या खाणीतल्या मातीचे ढिगारे, डोंगरासारखे. त्यावर बाभळी उगवल्यात. ढिगाऱ्याच्या माथ्यावर टिप्पर चढताना दिसतो आणि पलीकडे नाहीसा होतो.

हल्ली कोळसा बहुतेक असाच, वरून माती काढून निघतो. कोल इंडियाच्या शंभर टनांमधले चार टनही आता जमिनीखालच्या खाणींतून येत नाहीत. सरदारांची खाण त्या चारांतली.

सकाळी 6.45

गेटसमोर चहाची टपरी. कट दहा रुपये. बाजूला खर्रा घोटणारा बसलाय. पन्नीवर सुपारी, तंबाखू, चुना घासण्याचा आवाज एका लयीत चाललाय. राज्यात बंदी आहे. पुडी तीस रुपयांना आहे. सरदार एक घेतात, अर्धा इथं खातात, अर्धा गाडीच्या डिकीत ठेवतात.

टपरीच्या पलीकडे सात-आठ पोरं उभी आहेत. प्रत्येकाच्या हातात प्लास्टिकची फाइल. आत दहावीची मार्कशीट, आयटीआय, जातीचा दाखला, रहिवासी दाखला, सातबारा. ही ठेकेदाराच्या मुनशीची वाट पाहणारी पोरं. मुनशी येतो, गाडीवरून न उतरताच विचारतो.

"डोझरवाला आहे का कोणी? तीन वर्षं चालवलेला पाहिजे. हेवी लायसन्स, मेडिकल, व्हीटीसीचं ट्रेनिंग, सगळं पाहिजे."

कुणी हलत नाही.

"ग्रेडर? एक्सकॅव्हेटर?"

एक जण पुढे होतो. त्याने नागपुरात पैसे भरून महिन्याचा कोर्स केलाय, चाळीस हजारांचा. "मशीनवर किती तास?" मुनशी विचारतो. पोरगा गप्प. कोर्समध्ये बारा जणांत एक मशीन होतं.

"हेल्पर घेता का भाऊ?" मागून आवाज येतो. मुनशी हात हलवतो. हेल्पर भरपूर आहेत. गाडी आत जाते.

उरलेल्यांतला एक जण सरदारांच्या गावचा. डिझेल मेकॅनिकचा आयटीआय. जमीन खाणीत गेली, पण एक एकर चोवीस गुंठे. इथं दोन एकराला एक नोकरी मिळते. कमी पडलं की भावकीतल्या दुसऱ्याचा तुकडा जोडून दोन एकर करतात. त्याला सगळे क्लबिंग म्हणतात. याच्या काकाने तुकडा जोडला, पण नाव स्वतःच्या पोराचं लावलं.

"मग आता?" सरदार विचारतात.

"सुरजागडला फोन केला होता. तिथंबी ऑपरेटरच पाहिजे म्हणते."

गडचिरोलीतल्या सुरजागडच्या लोहखाणीत 2021 पासून काम जोरात सुरू झालं. या पट्ट्यातले हातचे ऑपरेटर तिकडे गेले, असं टपरीवर सगळेच सांगतात. पण पोरगा ऑपरेटर नाही, आणि ऑपरेटर व्हायला आधी कुणीतरी मशीनवर बसू द्यावं लागतं. सरदार त्याच्या चहाचे दहा रुपये देतात आणि आत जातात.

सकाळी 7.10

टाइम ऑफिस. बोट मशीनवर टेकवलं की हजेरी. मशीन पहिल्या वेळी घेत नाही. ड्रिलरच्या आणि टिंबर मिस्त्रीच्या बोटांवर रेषा राहिलेल्या नाहीत. शर्टाला पुसून पुन्हा टेकवतात.

भिंतीवरच्या फळ्यावर खडूने सेक्शनवार नावं. पहिला सेक्शन, एक सरदार. दुसरा सेक्शन, आपले सरदार. तिसऱ्यासमोर आडवी रेघ.

"तिसरा बंद?"

"बंद," टाइमकीपर सांगतो. "एक सरदार मेडिकलवर, एकाची रजा. मागच्या हप्त्यात ओव्हरमनला लावून भागवलं. आज ओव्हरमनच सुट्टीवर." ओव्हरमन म्हणजे सरदाराच्या वरचं पद.

तिसऱ्या सेक्शनची चौदा माणसं बेल्टखालचा कोळसा उचलायला पाठवलीत. फावडी घेऊन ती निघाली आहेत. त्यांचा पगार चालूच आहे. मशीन खाली उभं आहे.

नोकऱ्या निघत नाहीत असं नाही. वेकोलिने, म्हणजे वेस्टर्न कोलफील्ड्सने, 2021 साली 211 जागा काढल्या, त्यातल्या 167 मायनिंग सरदारांच्या होत्या. 2023 साली पुन्हा 135 काढल्या, त्यात 107 सरदारांच्या. त्या जाहिरातींत सुरुवातीचं मूळ वेतन महिना 31,852 रुपये 56 पैसे होतं, वर भत्ते. या भागात एवढ्या पगाराची नोकरी दुसरी सांगा. पण अर्ज करायला हाती सर्टिफिकेट लागतं. ते देते धनबादची डीजीएमएस, खाण सुरक्षेची सरकारी यंत्रणा. त्या परीक्षेला बसायला प्रथमोपचाराचं वेगळं सर्टिफिकेट, गॅस ओळखण्याचं वेगळं, आणि खाणीत खाली काम केल्याचा मॅनेजरच्या सहीचा दाखला. गेटवरच्या पोराला हा शेवटचा कागद कुठून मिळणार?

"निवडून येतात ते झारखंडचे, बंगालचे, तेलंगणचे," टाइमकीपर म्हणतो. "पोरं चांगली असतात. दोन वर्षं झाली की घराकडे बदली मागतात. त्यायचं तरी काय चुकलं?"

सकाळी 7.30

लॅम्प रूम. खिडकीतून पितळी बिल्ला द्यायचा, कॅप लॅम्प घ्यायचा. बॅटरी कमरेच्या पट्ट्याला. शेजारी सेल्फ रेस्क्यूअर, स्टीलचा डबा. आग लागली, विषारी वायू सुटला तर तोंडात धरून बाहेर पडायचं साधन. बिल्ला खिडकीवर टांगलेला राहतो. पाळी सुटल्यावर एखादा बिल्ला लटकलेलाच दिसला तर माणूस अजून खाली आहे.

झडती. विडी, काडेपेटी, लायटर, मोबाइल, काही चालत नाही. माझा मोबाइल काढून घेतला, वहीत सही घेतली, हेल्मेट आणि दीड नंबर मोठे गमबूट दिले.

इथं एक मुलगी येऊन सरदारांपाशी उभी राहते. नागपूरच्या शासकीय तंत्रनिकेतनातून मायनिंगचा डिप्लोमा झालाय. वर्षाची अप्रेंटिसशिप करतेय. विद्यावेतन महिना 8,000. तिघींनी मिळून खोली घेतलीय, तिच्या वाट्याला 1,500 येतात. डबा 2,200. उरलेल्यात गाडीभाडं आणि परीक्षेचं पुस्तक. 2019 पर्यंत बायकांना जमिनीखालच्या कामाला कायद्यानेच मनाई होती. त्या वर्षी तांत्रिक आणि देखरेखीच्या कामांपुरती, सकाळी 6 ते संध्याकाळी 7 या वेळेत, मोकळीक मिळाली. म्हणून ती कायम पहिल्या पाळीत.

"काका, आज बोल्टिंग आहे ना?"

"आहे. डायरी घेतली का?"

घेतलीय. प्लास्टिकच्या पिशवीत, पोटाशी खोचलेली. त्या डायरीत खाली काढलेला एकेक दिवस लिहिला जातो.

सरदार मागच्या पाळीच्या सरदाराचं पुस्तक वाचतात. घाईघाईतलं हिंदी. "12 लेव्हल, राइज साइड, छत में दरार, ड्रेसिंग किया गया, दो बोल्ट बाकी." ओळीवर बोट ठेवून दोनदा वाचतात, खाली सही करतात. डायरीत स्वतःसाठी "12" एवढंच.

सकाळी 7.50

इन्क्लाइनचं, म्हणजे खाली उतरणाऱ्या तिरक्या बोगद्याचं तोंड. आत मॅन रायडिंग, चेअरलिफ्टसारखी: दोरखंडाला लटकणारी बैठक, पायात दांडा अडकवून बसायचं. गुडघे बाजूच्या भिंतीला घासणार नाहीत असे धरायचे. वरचा उजेड मागे राहतो, मग नाणं दिसावं एवढा होतो, मग दिसत नाही. पहिल्या पाचशे मीटरपर्यंत थंड वाटतं. पुढे घाम सुटतो. खाली उतरलं की आणखी वीस मिनिटं चाल. जमीन चिखलाची, बाजूला बेल्ट. सरदार कुठेही वाकत नाहीत, तरी डोकं कशाला लागत नाही. माझं तीनदा लागलं.

सकाळी 8.25

दुसरा सेक्शन. माणसं फेसच्या, म्हणजे कोळसा काढायच्या टोकाच्या, अलीकडे थांबलेली. सरदार बघून येईपर्यंत पुढे कुणी जायचं नाही. ते पुढे होतात, मागे मुलगी आणि मी.

त्यांच्या हातात काठी आहे, खाली लोखंडी टोपण बसवलेली. छताला टोकतात. टण्ण. दोन पावलं. टण्ण. पुन्हा दोन पावलं. घट्ट छत असं वाजतं. मग डावा हात वर करून बोटांची टोकं छताला लावतात आणि उजव्या हाताने शेजारी काठी मारतात. कानाने आणि बोटाने, दोन्हींनी बघायचं.

बाराव्या लेव्हलपाशी आवाज बदलतो. भद्द.

"हात लाव," ते मुलीला म्हणतात.

ती टाचा उंचावून बोटं टेकवते. ते मारतात. ती हात झटकन काढते.

"मुंग्या आल्या."

"वरचा थर सुटलाय. पुस्तकात काय लिहिलं होतं? दोन बोल्ट बाकी. बाकी म्हणजे रात्रभर तसंच आहे." मग तिला दोन पावलं मागे ओढतात. "फुटका माठ कसा वाजते? तसंच. बाजारात माठ घेताना बोटाने वाजवत नाही का आपण? फक्त इथं माठ डोक्यावर पडते."

खडू काढून भिंतीवर फुली. ड्रेसरला हाक. ड्रेसर लांब सब्बल घेऊन सुरक्षित छताखाली उभा राहतो, कोनातून सुटलेला थर टोकरतो. पहिल्यांदा काहीच होत नाही. मग परातीएवढं ढेकूळ सुटतं, आणि त्यामागून दाराच्या फळीएवढी पापडी. धूळ खाली बसेपर्यंत कुणी बोलत नाही.

मिथेनोमीटर छताशी धरतात. आकडा 0.1. सव्वा टक्क्यावर गेला की वीज तोडायची, माणसं बाहेर काढायची. मग जुन्या बंद केलेल्या भागाची भिंत. तिच्यामागे कोळसा संपलेला गोफ. या पट्ट्यातला कोळसा आपोआप तापतो, धुमसतो. सरदार भिंतीला तळहात लावतात, नाक जवळ नेऊन वास घेतात, कार्बन मोनॉक्साइडचा आकडा बघतात. ठीक आहे. परत येऊन फेसवर खडूने तारीख, वेळ आणि सही.

यात वीस मिनिटं गेली. या वीस मिनिटांत खाणीने काहीच काढलं नाही. वीस वर्षांत सरदारांच्या सेक्शनमध्ये छताखाली माणूस गेलेला नाही. हे त्यांनी सांगितलं नाही, ड्रेसरने सांगितलं.

सकाळी 9.30

बोल्टिंग. छतात दीड मीटरचं भोक पाडायचं, त्यात रेझिनची कांडी सारायची, तिच्यामागून लोखंडी बोल्ट फिरवत चढवायचा. रेझिन फुटून मिसळतं आणि घट्ट होतं. मग खालून पत्रा आणि नट. काम चौघांचं. यातला एक जण वेकोलिचा, तीन ठेकेदाराचे.

ठेकेदाराच्या एका माणसाला विचारलं, किती मिळतात?

"कागदावर का हातात?" तो हसून विचारतो. हातात सोळा हजार पडतात. सरदारांच्या हातात सगळं कापून सत्तरच्या पुढे. दोघं एकाच छताखाली उभे आहेत.

हा माणूस सहा वर्षं बोल्ट लावतोय. छताचा आवाज त्याला सरदारांइतकाच कळतो, हे सरदारच म्हणाले. पण तो नववी नापास. परीक्षेला दहावी लागते. मागच्या वर्षी त्याने सतरा नंबरचा फॉर्म भरला होता. गणितात गेला.

सकाळी 11.10

फेसला ड्रिलरने भोकं पाडून ठेवलीत. स्फोटकांचा वाहक लाकडी पेटी घेऊन आलाय, कुलूपबंद. डिटोनेटर वेगळ्या डब्यात, वेगळ्या माणसाकडे. सरदारांच्या गळ्यात किल्ली. भोक साफ करून बघायचं, गॅस पुन्हा तपासायचा, कांड्या हळू सारायच्या, मागून ओल्या मातीच्या गुंड्या ठासायच्या. गुंड्या करणारा एक म्हातारा हेल्पर आहे. तो सकाळपासून एका कोपऱ्यात बसून तेवढ्याच करतोय, सगळ्या एका मापाच्या.

माणसं मागे. प्रत्येक वाटेवर एक जण अडवायला उभा. "फायर! फायर!" सरदारांचा आवाज पहिल्यांदा चढतो. एक्सप्लोडरची किल्ली फिरते. आवाजापेक्षा आधी दाब येतो, कानाच्या पडद्यावर. मग धूर. धूर निघेपर्यंत थांबायचं. घाई करणाऱ्याला इथं शिवी मिळते, मग तो कुणीही असो.

पहिला आत जाणारा सरदारच. पुन्हा काठी. टण्ण, टण्ण.

दुपारी 12.30

डबे उघडतात. मोकळ्या जागेत लाकडी ओंडक्यांवर सगळे. घाम वाळून पाठीवर मिठाच्या रेघा. उंदीर इतके धीट की ओंडक्याखालून हात फिरवावा लागतो. सरदारांच्या डब्यातली भाजी मुलीच्या डब्यात जाते, तिची बुंदी इकडे येते.

सरदार 1991 साली बापाच्या जागेवर लागले. लोडर. टोपलीने टबमध्ये कोळसा भरायचा, जितके टब तितका पैसा. "पाठ पाहा," म्हणून शर्ट वर करून दाखवतात. कमरेच्या वर काळीनिळी खूण आहे, कातडीत कोळसा शिरून जखम भरली की अशी राहते. सरदारकीच्या परीक्षेत दोनदा आपटले. तिसऱ्यांदा, 2004 साली, पास.

"तेव्हा पाळी सुटली की रोडवर माणूस मावत नव्हता," ते म्हणतात. 1980 च्या दशकात कोल इंडियात साडेसहा लाखांहून जास्त माणसं होती. आता सव्वादोन लाखांच्या आसपास. कोळसा मात्र तेव्हापेक्षा कितीतरी पट निघतो. लोडर हा प्रकारच गेला. पण लोडरमधूनच सरदार घडायचा, सरदारातून ओव्हरमन. खालची पायरी काढली आणि वरच्यांना आता शोधत फिरतायत, असं माझं मत. सरदार यावर काही बोलले नाहीत, डबा धुवायला गेले.

त्यांचा मुलगा चाकणला आहे. मेकॅनिकल डिप्लोमा. कंत्राटी, अठरा हजार, त्यातले सहा खोलीला.

"त्याला मायनिंगला का नाही घातलं?" मी विचारलं.

"त्याची माय नाही म्हणे." थोडं थांबून, "मीबी नाहीच म्हटलं. तेव्हा तसंच वाटलं."

मुलगी शेजारी बसून ऐकते. तिच्या बापाने वणीला शेती विकून तिला शिकवलंय. डिप्लोमाच्या वर्गातले निम्मे आता बँकेच्या आणि तलाठ्याच्या परीक्षा देतायत, ती सांगते. काही जण आयटीत. "खाली जायचं म्हटलं की मुलांच्या घरचेसुद्धा लग्नाचं बघतात, काका."

दुपारी 1.40

एसडीएल थांबलं. बुटकं, रुंद लोडिंग मशीन. पुढचा जबडा कोळशात घुसवायचा, वळून चेनवर ओतायचा. मागे जाड केबल साप लोळावा तशी पडलेली, तिला सांभाळायला एक हेल्पर. ड्रायव्हर बटण दाबतो, काही नाही.

इलेक्ट्रिशियन पहिल्या सेक्शनला आहे. नियमाने पाळीला दोघं हवेत, आज आहे एकच. टेलिफोनवर निरोप. वाट बघायची. ड्रायव्हर पोटावर झोपून केबल बघतो. त्याला दोष दिसतो, बोट ठेवून दाखवतो. पण पेटी उघडायची परवानगी त्याला नाही, आणि त्याने उघडली तर सरदारांची नोकरी जाईल. पंचावन्न मिनिटं सगळे बसून राहतात. कुणीतरी झोपतो. खाणीत झोपणं हा गुन्हा आहे, सरदार पायाने ढोसून उठवतात.

इलेक्ट्रिशियन येतो. वय 24, बिहारचा, अंगावरचं सामान अजून नवं: हेल्मेट पांढरंफेक, बुटांची शिवण शाबूत. काम सात मिनिटांत करतो. "भैया, एक चाय तो पिलाओ," म्हणतो आणि हसतो, कारण चहा पार वर आहे.

दुपारी 3.35

मोजणी. चेनवरून किती गेलं, बोल्ट किती लागले, पाणी कुठं साचलं, पंप चालू का बंद. ठरलेल्यापेक्षा कोळसा थोडा कमी. बाराव्या लेव्हलचे दोन्ही बोल्ट लागले. सरदार त्या जागी पुन्हा जाऊन काठी मारतात. आता आवाज बरा आहे. फुली पुसत नाहीत. "रात्रीच्या पाळीला दिसू दे," म्हणतात.

दुसऱ्या पाळीचा सरदार येतो. दोघं दहा मिनिटं बोलतात, फक्त छताबद्दल आणि हवेबद्दल. मग सुटका.

संध्याकाळी 4.30

वर. ऊन तोंडावर आदळतं. पारा 45 च्या वर असेल, तरी कोरडं ऊन बरं वाटतं. बिल्ला परत. लॅम्प परत. मुलीच्या चेहऱ्यावर डोळ्यांभोवतीच तेवढं गोरं राहिलंय. नळावर तोंड धुऊन ती ऑफिसबाहेर डायरी घेऊन उभी राहते. असिस्टंट मॅनेजर सही करतात. ती तारीख बघून घेते, शाई फुंकते, पिशवीत घालते. सहीवाल्या दिवसांचीच किंमत आहे, तिला ते कळलंय.

सरदार पुस्तक लिहायला बसतात. पाऊण पान. प्रत्येक लेव्हल, प्रत्येक आकडा, बोल्टची संख्या. एसडीएल 55 मिनिटं बंद, कारण लिहिलं. अक्षर लोडरचं नाही, शाळेतल्या मास्तरासारखं सावकाश.

संध्याकाळी 5.05

अंडर मॅनेजरच्या केबिनमध्ये बोलावणं. भिंतीवर तक्ता: देशाला 2030 पर्यंत भूमिगत खाणींतून वर्षाला 10 कोटी टन कोळसा काढायचाय. साहेब तरुण, व्हीएनआयटीचे मायनिंग इंजिनियर. त्यांच्या बॅचचे बरेच जण या धंद्यातच नाहीत.

"सरदारजी, उद्या संडे करून घ्या. तिसरा सेक्शन दोन दिवस बंद आहे, वरून फोन येतायत."

संडे म्हणजे दुप्पट पगार. एके काळी संडे मिळावा म्हणून युनियनच्या नेत्याकडे चकरा मारायला लागायच्या. सरदार पाठीला हात लावतात.

"पुढच्या रविवारी कुणाला सांगाल?"

"पुढच्या रविवारीपण तुम्हालाच."

दोघंही हसतात. सरदार हो म्हणतात.

बाहेर मोबाइल चालू केला की चार मिस्ड कॉल. एक चाकणचा. तीन एकाच नंबरचे, एका खासगी खाणीच्या माणसाचे. सरदारांनी रिटायर झाल्यावर तिकडे यावं. राहायला खोली, जेवण, महिन्याला ठरेल ते. साठीनंतर मेडिकलमध्ये बसलात तर सर्टिफिकेट चालतं, तो म्हणतो. सरदार त्याला उत्तर देत नाहीत, मुलाला लावतात. डिकीतला अर्धा खर्रा काढतात.

संध्याकाळी 5.40

गेटबाहेर सकाळच्या पोरांपैकी तिघं अजून आहेत. गावचा पोरगा त्यांत आहे. मुनशीने एकाला घेतलं, पाणी मारायच्या टँकरवर, हेल्पर म्हणून.

"काका, सरदारची परीक्षा काय असते?" तो विचारतो. सकाळी कुणीतरी त्याला सांगितलंय.

सरदार गाडी बंद करतात. बोटावर मोजून सांगतात: दहावी आहे, चांगलं. प्रथमोपचाराचा वर्ग सेंट जॉनचा, तो आधी कर, तो बाहेरूनही होतो. गॅसचं नंतर. खालचा अनुभव मिळवायला कसंही करून ठेकेदाराच्या गँगमध्ये खालच्या कामाला लाग, वरच्या नाही. आणि नाव रजिस्टरवर चढलंय का ते स्वतः बघ, मुनशीच्या तोंडावर जाऊ नको. ज्याचं नाव बी फॉर्मवर नाही त्याचा दिवस मोजला जात नाही.

पोरगा फाइलच्या मागच्या बाजूला लिहून घेतो. प्रथमोपचाराच्या वर्गाची फी किती, विचारतो. सरदार सांगतात, आणि पुढच्या शनिवारी डबल ड्यूटीचे पैसे आले की अर्धी आपण देऊ, म्हणतात.

सरदार नोव्हेंबर अखेरीस निवृत्त होतायत. त्यांच्या जागेची जाहिरात अजून निघालेली नाही.